घाटातली धग आणि हेडरची गुंडाळी

खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम ६०-७० मीटरवर, तर लोणावळा ६०० मीटरच्याही वर. मधला चढ म्हणजे बोरघाट. दीड टनाची गाडी एवढी वर न्यायला सुमारे ८ मेगाज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली पावभरच चाकांपर्यंत पोहोचवते. म्हणजे निव्वळ चढणीपोटी एक लिटर पेट्रोल जळते आणि त्याच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे निघून जातो. गाडी वर चढवायला जेवढी ऊर्जा कामी येते, तिच्याहून जास्त धग नळीतून बाहेर पडते.

ही धग सगळ्यात आधी अंगावर घेतो तो हेडर. सिलिंडरच्या तोंडाला बोल्टने आवळलेल्या आणि पुढे एकत्र येणाऱ्या या नळ्या. पूर्ण जोर लावलेल्या पेट्रोल इंजिनात इथला वायू ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला असतो. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाला हात जोडून ड्रायव्हर पुढचा चढ घेतो, तेव्हा बॉनेटखाली प्लास्टिकची टाकी, रबरी होज आणि वायरिंग या नळ्यांपासून वीतभरावर तापत असतात. इंजिन जी हवा ओढते तीही तापते. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी उतरते आणि तेवढा जोर कमी होतो. हेडरला गुंडाळी करायची ती मुख्यतः यासाठी. नळीतला वायू गरम राहिला की तो वेगाने बाहेर पडतो, टर्बो असेल तर टर्बाइनला जास्त ऊर्जा मिळते, हेही खरे. पण रोजच्या गाडीत त्यातून मिळणारी ताकद चालवणाऱ्याला जाणवण्याइतकी नसते. शर्यतीच्या गाडीचे गणित वेगळे.

धग कोंडून ठेवण्याची कला या मुलखाला नवी नाही. कर्जतहून मागे जादा इंजिने लावून आगगाड्या घाट चढत, त्या वाफेच्या काळात बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचा थर आणि त्यावर पातळ पत्रा असे. १९०७ साली नेरळ-माथेरान रेल्वेमार्ग सुरू झाला, तोही वाफेच्याच इंजिनांवर. आज खोपोलीच्या कारखान्यांतल्या वाफेच्या नळ्या आणि कर्जतच्या फार्महाउसमागचे जनरेटर पाहा. नळीभोवती रॉकवूल आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. ॲस्बेस्टॉस गेले ते बरे झाले. जुन्या गाडीच्या सायलेन्सरवर तशी दोरी सापडली, तर ती कोरडी ओढून तोडू नये. तिचा बारीक तंतू फुप्फुसात कायमचा घर करतो.

हेडरला गुंडाळायची आजची पट्टी काचतंतूंची असते. साधारण दोन इंच रुंद, सुमारे ६५० अंशांपर्यंत टिकणारी. त्याहून चढी पट्टी बेसाल्टच्या तंतूंची. सुमारे दीड हजार अंशांवर वितळवलेल्या दगडातून हे धागे ओढतात. अख्खा बोरघाट ज्या काळ्या कातळात कोरला आहे, त्याचाच हा भाऊबंद. हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता, कारण ज्वालामुखीतून आलेला दगड पुन्हा धग अडवायला उभा राहतो.

गुंडाळणे हे संयमाचे काम आहे. पट्टी पाण्यात भिजवायची, हातमोजे घालायचे, नाहीतर तंतू दिवसभर टोचतात. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर पाव इंच चढला पाहिजे आणि ताण कुठेही सैल पडता कामा नये. उभ्या नळीला खालून वर जायचे, म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी आत न शिरता ओघळते. टोकांना स्टेनलेस स्टीलचे टाय. पहिल्यांदा इंजिन तापले की चांगलाच धूर निघतो. हे पहिले तापवणे मोकळ्या जागेत करावे.

पण आपल्याकडचा पाऊस या पट्टीचा वैरी आहे. कर्जत-खालापूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ओली पट्टी नळीला चिकटून बसते. साधे लोखंड साडेपाचशे अंशांपुढे तसेही खपल्या धरू लागते आणि पट्टीमुळे ते आणखी तापते. दोन-तीन पावसाळ्यांनी अशी गुंडाळी सोडवली, की पट्टीबरोबर तांबड्या पापुद्र्यांचा थर सुटून येतो आणि खालची नळी बोटाने दाबली तरी पिचकते. शिवाय वरच्या गॅस्केटमधून ऑइल ठिबकत असेल, तर पट्टी ते शोषून धरते आणि पेटते. गळती बंद केल्याशिवाय पट्टीला हात लावू नये.

म्हणून इथल्या गाडीला मी सिरॅमिक कोटिंगच सुचवीन. नळी वाळूच्या माऱ्याने साफ करून आतून-बाहेरून पातळ थर फवारतात आणि भट्टीत पक्का करतात. पट्टीइतकी धग तो अडवत नाही, पण गंज रोखतो आणि पाणी धरत नाही. नेहमीच्या पावडर कोटिंगच्या दुकानात मात्र हेडर देऊ नका. तो रंग भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास पक्का होतो, हेडरवर पहिल्याच चढणीत जळून जाईल.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना तर हे काहीच करू नये. त्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा इंजिनाला खेटूनच असतो, सेन्सर तिथेच, आणि कंपनीने बसवलेला पत्रा धग अडवायला पुरेसा असतो. तो पत्रा खडखडतो म्हणून काढून टाकू नका, नवे बोल्ट लावा.

आणि घाटात टेम्परेचरचा काटा चढत असेल, तर पट्टीने तो खाली येणार नाही. आधी कूलंट, रेडिएटर, फॅन आणि थर्मोस्टॅट तपासून घ्या.