शिळेवरचा आकडा आणि हरवलेली नावे

पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांची स्मृती जपण्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगाने हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येकाला समान सन्मान देण्याचे तत्त्व स्वीकारले होते. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर भारतीय सैनिकांची व मजुरांची ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. परंतु १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा येथील स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली आणि साध्या शिपायांची, ज्यांत मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधील मोहिमेत पडलेले मराठा पलटणींचे जवानही होते, केवळ संख्या आली. हा अन्यायच होता, आणि आयोगाने नेमलेल्या समितीच्या अहवालाने २०२१ मध्ये ही विषमता मान्य केली.

महाराष्ट्रातील अनेक गावांत त्या काळी बसवलेल्या संगमरवरी शिळांवरही गावातून किती जण युद्धावर गेले आणि किती मृत्यू पावले, एवढेच नोंदलेले दिसते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे आणि माणगावात त्यांचा पुतळाही आहे; सामान्य शिपायाच्या वाट्याला असे क्वचितच आले.

पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असे. म्हणून घरातले जुने पदक मोडीत घालण्यापूर्वी वाचकांनी ती कडा वाचावी आणि तो मजकूर उतरवून ठेवावा.