‘जमले तर’ आणि ‘जमले असते तर’
(इंग्रजीतील कॅन व कुड यांचा रोजच्या बोलण्यातील उपयोग)

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२० साली ‘मूकनायक’ हे पाक्षिक मराठीत काढले आणि १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. आपल्या माणसांशी मराठीत आणि जगाशी इंग्रजीत बोलायचे, हा धडा परळच्या बी.आय.टी. चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या या महामानवाने स्वतःच्या आचरणातून घालून दिला.

आज त्याच परळ-लालबागमध्ये इंग्रजीची गरज पोटापाण्याशी जोडली गेली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढील काळात गिरण्या एकेक करून बंद झाल्या व त्यांच्या जागेवर कचेऱ्या आणि मॉल उभे राहिले. ज्या फाटकातून वडील पाळीवर जात, तेथेच मुलगा किंवा मुलगी मुलाखतीला जाते आणि पहिला प्रश्न इंग्रजीत येतो. आपली मुले हुशार आहेत, विषय त्यांना येतो. परंतु काही छोट्या शब्दांपाशी ती अडखळतात. त्यांपैकी दोन शब्द, कॅन आणि कुड, आम्ही येथे घेत आहोत.

कारण असेल तर परिणाम घडतो, ही प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण आपल्या परिचयाची आहे. वाक्यातही एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असली की ‘जर-तर’ येते. व्याकरणात त्याला संकेतार्थ म्हणतात. इंग्रजीत ‘जर’साठी इफ येतो आणि जमण्या-न जमण्यासाठी कॅन किंवा कुड.

खरी अडचण मराठीच्या सवयीतून येते. आपण म्हणतो, “मला एक तारखेला रुजू होता आले, तर होईन.” येथे ‘आले’ हे रूप भूतकाळाचे, पण गोष्ट पुढची आहे. ‘आले’ पाहून मुलगा कुड वापरतो : “इफ आय कुड जॉइन ऑन द फर्स्ट, आय वुड.” ऐकणारा साहेब समजतो की याला एक तारखेला येणे शक्य नाही. मुलाने होकार ठेवलेला असतो, साहेबाच्या कानी नकार पडतो. खरे वाक्य असे हवे : “इफ आय कॅन जॉइन ऑन द फर्स्ट, आय विल.”

म्हणून पहिला नियम. गोष्ट घडण्यासारखी असेल, तर इफच्या बाजूला कॅन आणि दुसऱ्या बाजूला विल. “इफ यू कॅन कम टु दादर, आय विल मीट यू देअर.” कॅनच्या आधी विल कधीही लावू नये, ‘विल कॅन’ असे इंग्रजीत नाही. तसेच सांगायचे असेल, तर “इफ आय एम एबल टु कम” म्हणावे.

दुसरा नियम. आज जे जमत नाही त्याविषयी बोलताना कुड आणि वुड. “इफ आय कुड ड्राइव्ह, आय वुड टेक धिस जॉब.” म्हणजे गाडी चालवता येत नाही, म्हणून ही नोकरी घेत नाही.

तिसरा नियम. संधी निघून गेली असेल, तर “इफ आय हॅड बीन एबल टु कम, आय वुड हॅव कम.” म्हणजे येता आले असते, तर आलो असतो. मराठीत ‘असते, असतो’ ही रूपे आजच्या न जमणाऱ्या गोष्टीलाही चालतात आणि कालच्या हुकलेल्या गोष्टीलाही. इंग्रजीत या दोन गोष्टींची वाक्ये वेगळी आहेत. ‘हॅव’ गाळला, तर कालची गोष्ट आजची होते.

आता एक अपवाद, जो कचेरीत रोज कानी पडतो. साहेब म्हणतात, “इफ यू कुड वेट अ मिनिट...” आणि थांबतात. नवखा मुलगा पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट पाहत उभा राहतो. ते वाक्य तेवढेच असते. “जरा थांबता आले तर बरे” अशी ती सभ्य विनंती आहे. येथे कुडचा अर्थ ‘जमत नाही’ असा नसून तो केवळ आदर दाखवतो. उत्तरादाखल “शुअर, सर” म्हणावे आणि थांबावे. अर्ज देताना, रजा मागताना आपणही असेच बोलावे : “आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड साइन धिस फॉर्म.”

हे नियम घोकून येणार नाहीत. विहारातील अभ्यासवर्गात दोघादोघांनी समोरासमोर बसावे. एकाने “जमले तर”, “जमत असते तर” आणि “जमले असते तर” अशी तीन मराठी वाक्ये सांगावीत, दुसऱ्याने ती इंग्रजीत बोलावीत. मोठ्या भावंडांनी धाकट्यांची चूक हसण्यावारी न नेता तिथल्या तिथे सुधारावी. रोज दहा मिनिटे दिली, तरी महिनाभरात जीभ वळते.

आपल्या मुलामुलींनी दिलेला होकार समोरच्याला होकार म्हणूनच कळावा, यासाठी हा लेखनप्रपंच. पालकांनी हे पान मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!