मोटार फिरते, पण चालू होत नाही

बी. कॉम., द्वितीय वर्ष

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु तेरीज जुळली नाही म्हणून आपण सगळ्या वह्या फाडून टाकीत नाही. चूक कोणत्या खात्यात आहे ते एकेक करून हुडकतो. अडलेल्या मोटारीचेही तसेच आहे. बऱ्हाणपूरहून असीरगडमार्गे खंडव्याकडे जाताना गाडी अडली, की बहुतेक जण पुन्हा पुन्हा सेल्फ मारीत बसतात. त्यामुळे मूळ दोष तसाच राहतो, चांगली बॅटरी मात्र उतरते. गाडीत दवाखान्यात न्यायचा रोगी असला, म्हणजे ही घाई किती महाग पडते ते सांगायला नको.

सेल्फ मारल्यावर नुसते 'टक टक' वाजत असेल आणि इंजिन फिरतच नसेल, तर दोष बॅटरीत, तिच्या टर्मिनलांवर किंवा सेल्फमध्ये शोधावा. आपला विषय त्यापुढचा आहे: इंजिन जोमाने फिरते, पण चालू होत नाही.

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पहिली, हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण. वजनाने पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १५ भाग. दुसरी, त्या मिश्रणावर पुरेसा दाब. तिसरी, नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. यांपैकी काय कमी पडले, एवढेच आपल्याला ठरवायचे असते.

आधी पेट्रोल पाहू. काटा कधी कधी खोटे बोलतो, म्हणून शेवटचे पेट्रोल केव्हा भरले ते आठवावे. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच मागच्या बाजूने पंपाची घरघर दोनेक सेकंद ऐकू येते. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज व रिले तपासावा. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीची आणखी एक खोड असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा वेळी घाट चढून तापलेल्या गाडीच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती पुढे ढकलता येत नाही. पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबणे, हा त्यावरचा उपाय.

सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा प्लग ओले निघाले, तर पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगीकडे वळावे. पावसाळ्यात जुन्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत व प्लगच्या वायरींवर ओल धरते. कोरड्या फडक्याने पुसल्यावर गाडी चालू होते. गाडी 'ओव्हर' झाली असेल तर चोक बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. उघड्या वायरीने ठिणगी पाहण्याचा प्रयोग मात्र करू नये. तिथे हजारो व्होल्टांचा दाब असतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असते.

इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर फिरल्याचा आवाज आला, तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी सेल्फ मारणे ताबडतोब थांबवावे. काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठे नुकसान होते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते. तेथे टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरली, तर हातपंप मारून ती काढावी लागते.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानक लागू झाले. आता इंजेक्शनचा सारा कारभार संगणक पाहतो. क्रँकचा सेन्सर बिघडला तर ठिणगी व पेट्रोल दोन्ही बंद होतात. चावी न ओळखल्यासही कित्येक गाड्या फिरतात पण चालू होत नाहीत. अशा वेळी समोरच्या फलकावर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकते. दुसरी चावी लावून पाहावी.

एक नियम सर्वांनी पाळावा: एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये, आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे. तेवढ्यात वास, आवाज आणि दिवे यांकडे लक्ष द्यावे. मिस्त्रीला 'गाडी बंद पडली' एवढेच सांगण्यापेक्षा 'इंजिन फिरते, पंपाचा आवाज येत नाही' असे सांगितले, तर त्याचा वेळ वाचतो, आणि नको असलेले सुटे भाग आपल्या बिलात चढत नाहीत.