टॉरंट आणि प्रताधिकार

टॉरंटवरून चित्रपट उतरवून घेणारा स्वतःला केवळ प्रेक्षक समजतो. कायद्याच्या लेखी तो वितरकही ठरू शकतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटॉरंट पद्धतीत फाइलचे तुकडे होतात आणि प्रत्येक संगणक ते घेता घेताच इतरांना पुरवत राहतो. पद्धत मुळात बेकायदा नाही. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली याच वाटेने खुशाल वाटली जाते. प्रश्न फाइल कोणाची, हा आहे.

भारतात १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार प्रत काढणे आणि ती लोकांपर्यंत पोचवणे हे दोन्ही हक्क मालकाचे. ‘आम्ही कुठे पैसे घेतले?’ हा नेहमीचा बचाव लंगडा आहे. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होतो. व्यापारी लाभ नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते, एवढेच. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यामुळे भारतात कोणालाही वाटता येतो.