शाळेत उशिरा गेलेलं मूल नवोदयला बसू शकतं का? आधी तारीख बघा!

आजचा भाग थोडा हिशेबाचा आहे. ऐकताना तारखा निसटल्या असतील, तर इथे निवांत वाचा. आणि हो, विषय लहान मुलांचा असला तरी भाग तुमच्यासाठीच आहे. कारण घरातल्या धाकट्या भावंडाचा फॉर्म शेवटी कोणाच्या मोबाईलवरून भरला जातो? तुमच्याच ना!

आधी नवोदय म्हणजे काय, थोडक्यात

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. १९८५-८६ मध्ये पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, त्यातली एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. प्रवेश सहावीत. पाचवीत असताना एकच परीक्षा: ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. पेपर मराठीतही मिळतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एका शाळेत सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. त्यामुळे हातावर पोट असलेल्या घरासाठी ही संधी किती मोठी, ते वेगळं सांगायला नको.

मग अडतं कुठे?

वयात. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी जन्मतारीख १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या दरम्यान हवी होती. म्हणजे प्रवेशाच्या वर्षी १ मे रोजी मूल १२ वर्षांपेक्षा मोठं नको. ही अट सगळ्या प्रवर्गांना सारखी आहे, एससी-एसटीलाही सवलत नाही.

आता समजा, दोन मुलं एकाच दिवशी, जून २०२१ मध्ये पहिलीत बसली. दोघंही सात वर्षांची, म्हणजे साधारण वर्षभर उशिरा. एकाचा जन्म ५ मे २०१४ चा, दुसऱ्याचा २० एप्रिल २०१४ चा. वर्ग एक, बाक एक, अभ्यास एक. पण पहिला परीक्षेला बसतो आणि दुसरा पंधरा दिवसांनी बाद!

यातून एक सोपा ठोकताळा निघतो. ज्या वर्षी मूल पहिलीत जातं, त्या वर्षीच्या १ मे रोजी ते सात वर्षांपेक्षा मोठं नसावं. मोठं असेल, तर पुढे पाच वर्षांनी नवोदयचं दार बंद असणार, हे पहिलीतच कळतं. अडचण अशी, की हे कोणी पहिलीत सांगतच नाही. पाचवीत फॉर्म भरताना कळतं.

नववीत बघू, असं म्हणू नका

नववीतही रिकाम्या जागांवर परीक्षा होते, हे खरं. पण २०२६-२७ च्या नववीसाठी जन्मतारीख १ मे २०११ च्या आधीची चालत नव्हती. म्हणजे कमाल वय १५. बारा अधिक तीन, पंधरा! रेषा तीच आहे, फक्त तीन वर्षं पुढे सरकलेली. सैनिक शाळेतही तेच: ३१ मार्चला सहावीसाठी १० ते १२, नववीसाठी १३ ते १५.

मग वाट आहे का? आहे, पण ती लवकर धरावी लागते

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ सांगतं, की शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा. आणि मागे पडू नये म्हणून विशेष प्रशिक्षण द्यायचं, किमान तीन महिने, गरज पडल्यास दोन वर्षांपर्यंत.

हिशेब करून बघा. आठ वर्षांची मुलगी पहिल्यांदा शाळेत आली. तिला पहिलीत बसवलं, तर सहावीत जाईल तेव्हा ती तेरा वर्षांची, म्हणजे बाद. तिसरीत बसवलं, तर सहावीला अकरा, म्हणजे पात्र. पण वाचता येत नसताना नुसतं तिसरीत बसवून उपयोग नाही. प्रशिक्षण मागून घ्या. तो तिचा हक्क आहे, उपकार नाही.

ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी अशी तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत पूर्ण झालेली लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत नेमकं हेच तुटतं. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड निघतं, ते उन्हाळ्यातच परततं. म्हणून गावात हंगामी वसतिगृह आहे का, ते गुरुजींना आधीच विचारा.

दोन गोष्टी करू नका

एक, जन्मतारीख बदलायच्या फंदात पडू नका. आपल्या आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला यायचा, कारण गुरुजींनी तशी नोंद केलेली. आता तसं चालत नाही. वयाची शंका आली तर मुलाला वैद्यकीय मंडळाकडे पाठवता येतं आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो.

दोन, यंदा नाही लागला म्हणून पुन्हा पाचवीत बसवू नका. नवोदयची परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. वर्षही वाया जाईल.

आणि वय गेलंच असेल तर?

तर मुलाला 'तू मोठा झालास' असं ऐकवू नका, त्यात त्याचा काय दोष? साध्या सरकारी शाळेत राहून आठवीत एनएमएमएस परीक्षा देता येते. तिथे मुख्य अट इयत्तेची आणि घरच्या उत्पन्नाची. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आणि चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं मोफत शिक्षण कायद्याने सुटत नाही.

तारखा दरवर्षी पुढे सरकतात, त्यामुळे फॉर्मआधी नवोदयच्या वेबसाइटवरचं त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडाच. आणि आज एवढं करा: घरात, शेजारी, गल्लीत जे पोरगं यंदा पहिलीत चाललंय, त्याची जन्मतारीख विचारा. हिशेब बोटांवर होतो. भेटू पुढच्या भागात!