तहानेला साखर किती?

दोस्तांनो, उन्हाळी शिबिर असो की शाळेच्या कबड्डीचा सराव, मैदानातून बाहेर आलात की आधी काय आठवतं? पाणी! हल्ली मात्र पाण्याच्या बाटलीशेजारी निळी-केशरी पेयं असलेल्या बाटल्याही दिसतात. 'प्या आणि ताजेतवाने व्हा' असं जाहिराती सांगतात. पण त्या बाटलीत असतं तरी काय?

पाणी, साखर, मीठ, थोडा आंबटपणा आणि रंग. बस्स! अशा पेयांतलं प्रसिद्ध 'गेटोरेड' १९६५ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात तयार झालं. तिथले फुटबॉलपटू उन्हात घामाघूम होऊन गळून जात. म्हणून डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात मीठ, साखर नि लिंबाचा रस मिसळला. म्हणजे आपलं लिंबू सरबतच की!

आता बाटलीवरचं लेबल वाचा. अशा बऱ्याच पेयांत १०० मिलिलिटरमागे सुमारे ६ ग्रॅम साखर असते. अर्ध्या लिटरची बाटली संपवली की ३० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सात चमचे साखर पोटात! आणि जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते? वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम.

मग साखर अजिबात नकोच का? तसं नाही. आपल्या आतड्यात एक गंमत चालते. साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही शोषलं जातं. थोडी साखर या कामाला लागतेच.

हीच गोष्ट वापरून एका भारतीय डॉक्टरांनी असंख्य जीव वाचवले. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं! हीच ती 'ओआरएस'ची पुडी. २००२ साली तिच्यातलं ग्लुकोज लिटरमागे २० ग्रॅमवरून १३.५ ग्रॅम केलं गेलं. काम बिघडलं नाही, उलट उलट्या-जुलाब कमी झाले. म्हणजे पाणी शोषायला साखर थोडीच पुरते. जास्त झाली तर पेय पोटात रेंगाळतं आणि धावताना पोट डबडबतं.

चला तर, आपलं मैदानी सरबत करू या.

साहित्य : उकळून गार केलेलं पाणी १ लिटर, साखर ६ सपाट चमचे (चहाचा छोटा चमचा), मीठ पाव सपाट चमचा, एका लिंबाचा रस.

कृती : साखर-मीठ पूर्ण विरघळवा, लिंबू पिळा, स्वच्छ बाटलीत भरा. लिटरभर सरबतात साखर साधारण २५ ग्रॅम, म्हणजे बाजारच्या पेयाच्या निम्म्याहूनही कमी! लिंबाऐवजी चार-पाच आमसुलं तासभर भिजवून त्यांचं पाणी घातलंत तरी चालेल. साखर अजिबात नको असेल तर जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक आहेच.

पण हे लक्षात ठेवा :

* मीठ अंदाजानं टाकू नका. सरबत चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. जास्त मीठ धोक्याचं असतं.
* तासाभराच्या आतला खेळ असेल तर साधं पाणीच पुरतं. सरबत लांबलेल्या सामन्यासाठी आणि कडक उन्हासाठी.
* केलेलं सरबत त्याच दिवशी संपवा.
* जुलाब होत असतील तर हे सरबत नको, ओआरएसची पुडीच हवी. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
* कॅफीनवाली 'एनर्जी ड्रिंक्स' मुलांसाठी नाहीतच!

पाणी पुरेसं पोटात जातंय की नाही, हे कसं ओळखायचं? लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर प्या पाणी!

आई-बाबांनो, सुरुवातीला हे सरबत मुलांना फिकं लागेल. पण दोन-चार सामन्यांत जीभ रुळेल. मग दोस्तांनो, पुढच्या सामन्याला सगळ्या टीमची बाटली कोण भरून आणणार?