घरचा बोकड का बदलतात? गोरिला आणि वाघांची गोष्ट



परिसर अभ्यासाच्या तासाला एका मुलानं विचारलं, "सर, आमचे आजोबा बोकड सारखा का बदलतात? चांगला धडधाकट असतो की!" म्हटलं, आजोबांनाच विचारून ये. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "त्याच्याच लेकी कळपात मोठ्या होतात. त्यांना तोच बोकड लागला तर करडं अशक्त निपजतात."

घाटनांदूरच्या आजोबांचं हे शहाणपण म्हणजेच शास्त्र. जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक सदोष असली तरी बऱ्याचदा दुसरी सांभाळून घेते. पण आईबाप जवळच्या नात्यातले असले, तर दोन्हीकडून तीच सदोष प्रत येण्याची शक्यता वाढते. याला अंतःप्रजनन म्हणतात.

आपण बोकड बदलतो. जंगलातल्या प्राण्यांनी काय करायचं?

आफ्रिकेतले पर्वतीय गोरिला हजाराच्या थोडेच वर आहेत, तेही दोन वेगळ्या जंगलांत. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं, की त्यांच्या जनुकसंचाच्या सुमारे एक तृतीयांश भागात दोन्ही प्रती अगदी सारख्या आहेत. सगळेच सारखे असले, तर नव्या साथीत टिकणारा वेगळा कुणी सापडणं अवघड.

आपल्या देशातही असंच घडतंय. ओडिशातल्या सिमिलिपालचे वाघ इतर वाघांपासून तुटले आहेत. तिथं काही वाघ काळपट दिसतात, कारण त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलं, की एका जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच असं होतं. काळा रंग हा आजार नव्हे, पण वाघ थोडे आणि एकटे पडल्याची ती खूण आहे. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिकडे नेल्या. झीनत तर झारखंडमार्गे पश्चिम बंगालपर्यंत भटकली, तिला पकडून परत आणावं लागलं.

त्याच हिवाळ्यात यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत आपल्या शेजारी, धाराशिवच्या येडशी अभयारण्यात आला. वयात आलेला नर घर सोडून लांब जातो. त्यामुळे नात्यातल्या माद्यांशी जोडी जमणं टळतं. हा निसर्गाचा 'बोकड बदल'! पण आपल्या भागात वाघांची वस्ती नाही, मग जोडीदार कुठून मिळणार? म्हणून एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची वाट मोकळी राहायला हवी.

वर्गात करून पाहा: ४० चिंचोके घ्या, चार रंगांनी दहा-दहा रंगवा. पिशवीतून न बघता फक्त सहा काढा. बाकीचे गेले समजा. आता या सहांत असलेल्या रंगांचेच चिंचोके घालून पुन्हा ४० करा. निम्म्याहून थोड्या जास्त वेळा एखादा तरी रंग सुटतो. संख्या भरून येते, गेलेला रंग परत येत नाही.

"वाघ किती?" हा प्रश्न मुलं विचारतातच. त्याच्या जोडीला "वेगवेगळे किती?" हेही विचारायला शिकवू या.

आपल्या वर्गात काय घडलं ते जरूर कळवा.